रुसलेल्या जावयावर किती बळ वापरावे

तुरुंग वसाहत, क्वार्टर नं. ३
१९ मे २०२६

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

फोन सोडून पत्र का, ते आधी सांगते. मागच्या महिन्यात मी फोनवर विचारलं, "मामा, बराकीची झडती घेताना तुम्ही काय करायचे?" तुम्हाला ऐकू कमी येतं, त्यामुळे तुम्ही जे ओरडून सांगितलंत ते उंद्रीच्या स्टँडवर उभ्या असलेल्या सगळ्या बसने ऐकलं. चौथ्या दिवशी चिखलीच्या बाजारात एका बाईने आईला विचारलं, "तुमच्या धम्मशीलाच्या जेलात गांजा सापडला म्हणे?" जेलची गोष्ट जेलात राहावी, हे तुम्हीच मला शिकवलं. तुम्ही जेलातून सुभेदार म्हणून निवृत्त झालात आणि मी तुरुंगाधिकारी म्हणून लागले, तेव्हा या घरात जेलची गोष्ट बोलायला दोघंच आहोत. ती कागदावर बोलू.

तर विषय असा. तुरुंगात बळ कधी, किती आणि कसं वापरायचं याचे नियम बदलणार आहेत. पुण्याहून नवा मसुदा आला आहे आणि प्रत्येक जेलने त्यावर सूचना पाठवायच्या आहेत. आमच्या साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही नवीन आहात, तुम्हाला वाचायची सवय असेल."

मसुद्यात चार पायऱ्या आहेत. पहिली, गणवेशातल्या माणसाने नुसतं समोर उभं राहणं. दुसरी, समजूत काढणं आणि इशारा देणं. तिसरी, रिकाम्या हातांनी धरणं. चौथी, काठी. आणि दर पायरीला 'पुरेसा वेळ' द्यायचा. हा पुरेसा वेळ म्हणजे किती, ते कुठेच लिहिलेलं नाही. तुम्ही तीस वर्षं काठी हातात धरली, तुम्हीच सांगा.

एक गंमतही झाली आहे. गोपाळ नावाचा एक कच्चा कैदी आमच्याकडे होता, मेहकरकडचा. एकुलता एक जावई म्हणून डोणगावला साल्याच्या लग्नाला गेला. आहेराच्या वेळी शेला-टोपीचा मान आधी नवरदेवाच्या पुण्याच्या मित्राला दिला, म्हणून याचं डोकं फिरलं. याने खुर्ची भिरकावली, ती नवरदेवाच्याच हातावर बसली आणि हात मोडला. सासरच्यांनी रागात पोलिसात तक्रार दिली. आता त्याला जामीन मिळाला. काल सुटकेचा कागद आला, सामान दिलं, आणि हा बाबा दोन गेटांच्या मधल्या ड्योढीत फतकल मारून बसला. म्हणतो कसा, "ज्याईनं मले अंदर टाकलं, त्याईनं गेटावर येऊन मान देऊन न्यावं. धोंड्याचा महिना लागला आहे, मी जावई आहो!"

सुटलेल्या माणसाला आत ठेवलं तर तो बेकायदा कोंडून ठेवल्याचा गुन्हा. ढकलून काढावं, तर मसुद्यात बळ वापरायला कैदी पळत असला पाहिजे, मारत असला पाहिजे, नाहीतर स्वतःला इजा करत असला पाहिजे. जात नाही म्हणून बळ, असं कुठेच नाही. शेवटी आमच्या अविनाश हवालदाराने त्याच्या चपला गुपचूप नेऊन गेटाबाहेर ठेवल्या. हा चपला घालायला बाहेर गेला आणि आम्ही गेट लावलं. आता तो गेटाबाहेर ठाण मांडून बसला आहे. मामा, चपला बाहेर ठेवणं ही कोणती पायरी?

मामीला माझा जयभीम सांगा. कुरडया-शेवया झाल्या असतील तर माझा वाटा ठेवायला सांगा.

तुमची भाची,
धम्मशीला


मु. उंद्री (शेतातील खोली)
दि. २४/५/२०२६

विषय : बळाच्या वापराबाबत मार्गदर्शन.
संदर्भ : तुझे दि. १९ चे पत्र.

चि. धम्मशीला हिस मंगलकामना.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मसुदा ज्याने लिहिला त्याने बराकीत संध्याकाळची गिनती कधी घेतलेली दिसत नाही. चार पायऱ्या चढेपर्यंत कैदी छपरावर जाऊन बसतो. आमच्या वेळी एकच पायरी होती. काठी जमिनीवर आपटायची. आवाज झाला की शंभर माणूस गप. 'पुरेसा वेळ' म्हणजे किती, हे तू विचारलेस. उत्तर : शिट्टी वाजेपर्यंत.

चपलांच्या प्रकाराबाबत. ही पायरी नसून युक्ती आहे. युक्ती नियमात लिहायची नसते, नाहीतर ती कैदीही वाचतो.

गोपाळबाबत. जावई असो की जावयाचा बाप, माणूस एकदा अडून बसला की त्याच्यापुढे नरम पडू नये. नरम पडलं की तो अजून पसरतो. त्याच्यासमोर दोन शिपाई उभे कर, काठी आपट, "उठ" म्हण. दुसऱ्यांदा म्हणू नकोस. माणसाला स्वतःहून उठायची अक्कल असली पाहिजे. कोणी येऊन हात जोडेल याची वाट पाहत बसणारा माणूस मला पहिल्यापासून आवडत नाही.

माझ्याबाबत. मी सध्या शेतातच मुक्कामी आहे. उन्हाळी भुईमुगात रानडुकरांचा फार त्रास आहे, बंदोबस्त आवश्यक आहे. घरी जाणे होत नाही. स्वयंपाक हातानेच करतो. भाकरी जमत नाही, पण भात जमतो. सलग भात खाल्ल्याने प्रकृतीस कोणताही अपाय झालेला नाही.

शेवयांबाबत मला काही विचारू नकोस. त्या विषयावर माझ्याकडे माहिती नाही.

तुझा मामा,
दयाराम
सुभेदार (नि.)


तुरुंग वसाहत
२९ मे २०२६

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

या वयात तुम्ही एकटे शेतात डुकरांशी लढता आहात, हे वाचून ऊर भरून आला. आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "दयाराम लहानपणी डुक्कर पाह्यलं का झाडावर चढे." मी म्हटलं, आई, माणूस बदलतो. पण मामा, रोज भात खाऊ नका. मामीने डबा का पाठवला नाही?

तुमचा सल्ला अमलात आणला. दोन शिपाई उभे केले, काठी आपटली. गोपाळ म्हणाला, "साहेब, जरा हळू, ते बुढी झोपली आहे." खरंच एक म्हातारी आतल्या मुलाला भेटायला, मुलाखतीला येऊन बाकावर झोपली होती. तिला जाग आली आणि तिने शिपायांनाच झापलं.

गोपाळ आता भेटीला येणाऱ्यांच्या शेडात राहतो. आमच्याच रांजणातलं पाणी पितो, बाहेरच्या टपरीवर पोहे खातो, रात्री बाकावर झोपतो. दिवसा नातेवाइकांना फॉर्म भरून देतो आणि कोणत्या शिपायाशी सकाळी बोलू नये तेही सांगतो. लोक त्याला 'बाबू' म्हणायला लागले आहेत. परवा एका माणसाने आमच्या साहेबांना अडवून विचारलं, "इथले मोठे बाबू कुठं गेले, तुमी कोन?" साहेबांचा रक्तदाब वाढला.

पोलिसांना कळवलं. ते म्हणतात तुमच्या आवारात आहे, म्हणजे तुमचा. आम्ही म्हणतो आमच्याकडून सुटला, म्हणजे तुमचा. एवढी वर्षं माणूस कमी भरला की धावाधाव होई, आता एक जास्त भरतो आहे आणि कोणालाच नको आहे.

आता खरी अडचण. ९ जूनला पुण्याहून मोठ्या मॅडम येणार आहेत, याच मसुद्यावर आमचं म्हणणं ऐकायला. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "त्या दिवशी हा माणूस दिसता कामा नये. चार शिपाई घ्या, उचला आणि रस्त्याच्या पलीकडे ठेवा." मी म्हटलं, "लेखी द्या साहेब." ते म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीला लेखी कशाला? तुमच्या प्रोबेशनच्या अहवालावर मला याच महिन्यात सही करायची आहे, लक्षात आहे ना?" मामा, लक्षात कसं नसेल? दोन वर्षं अभ्यास करून ही नोकरी मिळाली. वाईट शेरा पडला तर प्रोबेशन वाढेल, कदाचित घरीही पाठवतील. उचललं आणि कोणी मोबाईलवर व्हिडिओ काढला, तर साहेब म्हणतील मी सांगितलंच नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर.

काल संध्याकाळी मी त्याच्याजवळ बाकावर बसले. म्हटलं, "गोपाळभाऊ, मान मान काय करता, सरळ आपल्या घरी जा ना." त्याने बाकाखालच्या चपला सरळ करून ठेवल्या. मग म्हणाला, "घरी कुलूप आहे मॅडम. किल्ली छायाजवळ, आन् छाया माहेरी. कुलपाकडं पाहून काय करू? इथं सकाळ-संध्याकाळ कोणी तरी मोजत तं होतं मले."

मला वाईट वाटलं. हे मसुद्याच्या कोणत्या पायरीत बसवायचं ते काही कळेना.

तुमची,
धम्मशीला


उंद्री
२ जून

धम्मशीला बाई,
जयभीम.

मी चौथी शिकेल आहे, तं लिवन्यात चूक झाली का समजून घेजो. तुह्या माईचा फोन आलता. म्हने दयाराम डुकराशी लढून राह्यला, त्याले डबा काऊन नाई पाठवत? माय वं! भुईमूग कवाच घरी आला. ओसरीत पोते लागून आहेत. डुक्कर काय आता ढेकळं खायले येते?

खरी गोष्ट आयक. त्याईच्या रिटायरच्या पार्टीत ते काठी भेटली ना, पितळी टोपनाची? रोज तेल लावून खुंटीवर ठेवते. या उन्हाळ्यात शेवया केल्या, वाळू घालाले काठ्या कमी पडल्या. मी ते काठी घेतली, दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली आन् शेवया टाकल्या. हे बाहेरून आले, पाह्यलं, आन् लालेलाल झाले. "हे शासनाचा दंड आहे! याच्यावर तू शेवया वाळवते?" मी म्हटलं, "मंग काय कुरडया वाळवू?" बस. पिशवी भरली आन् शेतात गेले. पंधरा दिस झाले. मी तं म्हटलं दोन दिसात येतीन.

तुले वाटत असन तुहा मामा लय कडक. अवं, तीस वरसात त्या मानसानं कोनाले बोट नाई लावलं. घरात झुरळ निंगालं तं मले हाका मारते. काठी आपटाचा आवाजच तेवढा मोठा.

मी काऊन जाऊ बोलवाले? मी काय गुन्हा केला? पन तुले एक सांगतो. रुसेल मानूस ओढला का जड होते. त्याले वाटते कोनी यावं. पन ते कोनीबी नाई. त्याच्या मनात एकच जन रायते, तेच आलं पाह्यजे. दुसरं गेलं तं अजून बिघडते. म्हनून मी सरपंचाले नाई पाठवलं, पोराले नाई पाठवलं. आन् मी जात नाई. म्हनजे बसले ते तिथं, आन् बसली मी इथं.

तुह्या शेवया डब्यात आहेत. काठीवरच्याच आहेत, पन गोड लागतात.

तुही मामी,
पंचफुला


जा. क्र. नाही
दि. ४ जून २०२६

प्रति,
श्री. दयाराम, सुभेदार (नि.),
हल्ली मुक्काम शेतातील खोली, उंद्री.

विषय : डुक्कर नसताना शेतात मुक्काम केल्याबाबत. इशारा पहिला.

महोदय,
विश्वसनीय सूत्रांकडून असे कळते की, आपल्या शेतात भुईमूग नाही, त्यामुळे डुक्करही नाही. आपण शेवयांच्या कारणावरून अडून बसला आहात. "कोणी येऊन हात जोडेल याची वाट पाहत बसणारा माणूस मला आवडत नाही," असे आपण दि. २४ मे रोजी स्वहस्ते लिहिले आहे. तरी आपण स्वतःहून घरी हजर व्हावे. पुरेसा वेळ देण्यात येत आहे.

आपली आज्ञाधारक,
धम्मशीला

ता. क. : मामा, रागावू नका. मामीने लिहिलं ते वाचून मला एक सुचलं आहे. उद्या माझी साप्ताहिक सुट्टी आहे. मी डोणगावला जाते.


मु. शेत
दि. ७/६/२०२६

विषय : इशाऱ्यास उत्तर.

चि. धम्मशीला हिस मंगलकामना.

तुझा इशारा मिळाला. पोस्टमनने तो पूर्ण वाचला आहे असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

खुलासा खालीलप्रमाणे. ती काठी म्हणजे लाकूड नाही. निरोपाच्या दिवशी बराकीतल्या कैद्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ती माझ्या हातात होती. पोरी, तीस वर्षं मी पहाटे उठून माणसं मोजली. आता उठतो, मोजायला कोणी नाही. घरात पोरं आपापल्या कामाला. एक काठी होती खुंटीवर, तिच्याकडे पाहून वाटे की बा आपण कोणी तरी होतो. तिच्यावर शेवया पाह्यल्या आन् मले लय लागलं. हे मी तुझ्या मामीला सांगू शकत नाही, म्हणून तुला सांगितले.

डुकरांबाबतचा मजकूर रद्द समजावा.

तू डोणगावला जाऊन काय करणार, ते कळले नाही. साहेबाविरुद्ध जाऊ नकोस, नोकरी सांभाळ. पण त्या गोपाळाला उचलूही नकोस. कारण विचारू नकोस. भात आता गळ्याखाली उतरत नाही.

तुझा मामा,
दयाराम


तुरुंग वसाहत
१० जून २०२६

प्रिय मामी,
जयभीम.

हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे, कारण हे सगळं तुमच्या एका वाक्यामुळे झालं. 'त्याच्या मनात एकच जण राहते.' गोपाळच्या मनात कोण, ते मला चांगलं माहीत होतं. फक्त मी तिकडे जायचं सोडून त्याच्यापुढे काठ्या आपटत बसले होते.

एसटीने मेहकर आणि तिथून जीपने डोणगाव गाठलं. गोपाळची सासू सत्यभामाबाई ओट्यावर बसली होती. जेलातून आले म्हटल्याबरोबर तिने पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "त्याचं नाव नका काढू माह्या दारात." आत साला सागर बसला होता, हाताला प्लास्टर. नव्या बायकोने भरवलेला चिवडा खात होता, तरी चेहरा दुःखी होता. छाया कोपऱ्यात उभी. तिने मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "जेवते का ते?"

बोलता बोलता माझी नजर फळीवरच्या डब्याकडे गेली. झाकण नीट बसलं नव्हतं, आत अनारसे भरलेले. मी विचारलं, "धोंड्याचं वाण केलंत वाटतं. कोणासाठी?" सत्यभामाबाई फटकन म्हणाली, "मुंग्यांसाठी." छायाने तोंड फिरवलं. मामी, बाईंना एकच जावई आहे.

मी म्हटलं, "आजी, गेटावर बोलवायला येऊ नका." त्या म्हणाल्या, "येतच नाही मी. जेलाच्या दारात जावयाले हात जोडाले? लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "हात जोडू नका. मुलाखतीला या. मुलाखतीच्या शेडात बसलेल्या माणसाला भेटायला कोणालाही मनाई नाही." त्यावर त्यांनी उठून डब्याचं झाकण नीट बसवलं. मी परत आले. येतील असं मला वाटलं नव्हतं.

काल ९ तारीख. सकाळी साहेबांनी चार शिपाई शेडासमोर उभे केले आणि मला खूण केली. मी म्हटलं, "साहेब, अजून पुरेसा वेळ झालेला नाही." ते ओरडले, "मसुदा अजून लागू झालेला नाही!" मी म्हटलं, "मग हा कैदीही राहिलेला नाही. लेखी आदेश द्या, आत्ता उचलते." साहेबांनी खिशातला पेन काढला, पाहिला आणि पुन्हा खिशात ठेवला. म्हणाले, "अहवालात बघतो तुम्हाला."

तेवढ्यात दोन गाड्या एकदमच आत आल्या. पुढे मॅडमची पांढरी गाडी, मागे डोणगावची काळी-पिवळी जीप. मॅडम उतरल्या, आम्ही सॅल्यूट केला. मागून सत्यभामाबाई उतरल्या, त्यांना वाटलं सॅल्यूट त्यांनाच केला. त्यांनीही कपाळाला हात लावला आणि डबा घेऊन सरळ शेडात शिरल्या.

गोपाळ उभा राहिला. बाईंनी डबा बाकावर आदळला. "बोलवाले नाई आली मी. आमच्यात धोंड्याचा डबा जावयाले द्या लागते म्हनून आली. खा. आन् डबा इथं ठेवू नोको, जेलातले लोक ठेवून घेतीन. डोणगावले आनून दे."

गोपाळ डब्याकडे पाहत राहिला. मग विचारलं, "धुऊन आनू का?"

"मंग काय खरकटा आनतं?"

बस, एवढंच. तो खायला लागला आणि खाता खाता रडायला लागला. अनारसा तोंडात आणि नाकाला पाणी. छाया जीपमधून उतरून त्याच्या शेजारी बसली आणि तिने काही न बोलता घराची किल्ली त्याच्या खिशात टाकली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. अविनाश हवालदार तर सरळ रुमाल काढून बसले.

मॅडमनी विचारलं, "हे काय चाललं आहे?" मी तोंड उघडायच्या आत साहेब पुढे झाले, "समुपदेशन, मॅडम! आमच्या जेलचा उपक्रम!" सत्यभामाबाईने मॅडमच्या हातावर एक अनारसा ठेवला आणि साहेबांच्या हातावर अर्धा.

सागर जीपमधून उतरला नाही. 'मी रुसलो आहे' हे त्याच्या प्लास्टरवरही दिसत होतं. पण गोपाळ डबा धुऊन आला आणि मागच्या सीटवर त्याच्या शेजारीच घुसला. गाडीत आधीच दहा जण, प्लास्टरचा हात ठेवायला जागा नाही. शेवटी गोपाळने तो आपल्या मांडीवर घेतला. जीप निघाली तेव्हा सागर ओरडत होता, "धक्का नका लावू भाऊजी," आणि गोपाळ ड्रायव्हरवर ओरडत होता, "खड्डे पाहून चालव बे, पाहुण्याचा हात आहे!"

दुपारी बैठक झाली. मॅडमनी माझी सूचना विचारली. मी म्हटलं, "दुसऱ्या पायरीत एक ओळ घाला. समजूत कोणी काढावी, ते आधी शोधावे." त्यांनी लिहून घेतलं. छापून येईल की नाही, कोण जाणे. साहेबांनी आज माझ्या अहवालावर सही केली. शेरा असा आहे : 'समुपदेशनात विशेष रस. आज्ञापालनात सुधारणेस वाव.' पण नोकरी पक्की झाली मामी!

आता एक विचारते. सत्यभामाबाई बोलवायला गेल्या नव्हत्या, डबा द्यायला गेल्या होत्या. तुमच्या शेतात रानडुकरं फार झाली आहेत असं मी ऐकते. कोणी तरी जाऊन बघायला नको का?

सोबत मामांचं एक पत्र पाठवते. ते मला लिहिलेलं आहे, पण खरं तर तुमचं आहे.

तुमची,
धम्मशीला


मु. उंद्री (राहते घर)
दि. १४/६/२०२६

विषय : घरी हजर झाल्याबाबत.

चि. धम्मशीला हिस मंगलकामना. नोकरी कायम झाल्याबद्दल अभिनंदन. तुझ्या आईने गल्लीत पेढे वाटले ते इथपर्यंत ऐकू आले.

घटनेचा अहवाल पुढीलप्रमाणे. काल संध्याकाळी मी खोलीबाहेर भाताचे पातेले घासत असता शेताच्या धुऱ्यावरून तुझी मामी येताना दिसली. तिच्या हातात ती काठी होती. माझ्या मनात आले, पहिल्या तिन्ही पायऱ्या गाळून ही बाई थेट चौथीवर आली. मी उठून उभा राहिलो.

मी विचारले, "काऊन आली?"

"डुक्कर पाह्यले."

"डुक्कर नाई."

"मले माहीत आहे." ती बाजेवर बसली. मग काठी पदराने पुसली आणि म्हणाली, "त्या मानसाईनं तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या, हे मले काऊन नाई सांगतलं कवा? मले वाटलं पार्टीत सगळ्याइले भेटते तशी काठी आहे."

तू माझे खाजगी पत्र तिला पाठवलेस, हा शिस्तभंग आहे. या वेळी ताकीद देऊन सोडत आहे.

पुढे ती म्हणाली, आभाळ भरून राह्यलं, शेवटच्या शेवया उद्याच घातल्या पाहिजेत, खुर्च्या पोरांनी नेल्या, काठी ठेवायला काही नाही. कोणी तरी धरायला पाहिजे. मी म्हटले, मला बोलवायला आलीस का? ती म्हणाली, "तुमाले नाई, काठीले न्यायले आली. काठीसोबत यायचं तं या."

सबब मी काठीसोबत आलो.

आज सकाळपासून मी अंगणात काठी आडवी धरून उभा होतो. दोन्ही बाजूंनी शेवया लोंबत होत्या. येणारा-जाणारा बघत होता. गावाने मला पूर्वी एवढे सलाम कधी केले नव्हते. मध्ये तुझी मामी आली, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवून मोजले, "मी एक, तुमी दोन. बराबर," आणि आत गेली. पोरी, माझे डोळे भरून आले, पण दोन्ही हात गुंतलेले असल्याने पुसता आले नाहीत. हे पत्र हात मोकळे झाल्यावर लिहीत आहे.

तुझ्या मसुद्यातील शंकेबाबत. 'पुरेसा वेळ' म्हणजे किती, याचे मी पूर्वी दिलेले उत्तर मागे घेतो. मीही आज तेच विचारले, "अवं, किती वेळ धरून ठेवू?" आतून उत्तर आले, ते जसेच्या तसे पुण्याला कळवावे.

"शेवया वाळस्तोर."

तुझा मामा,
दयाराम